हायड्रोजनचा पडदा आणि त्याचें टिकाऊपण

मातीच्या माठांतील पाणी थंड कां होतें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. माठाच्या अंगांत डोळ्यांना न दिसणारीं छिद्रें असतात. त्यांतून थोडें पाणी बाहेर झिरपतें, त्याची वाफ होते, आणि ती वाफ होतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. नवा माठ असा उत्तम पाझरतो. तोच माठ दोन उन्हाळे वापरला कीं छिद्रांत क्षार बसतात आणि पाणी पूर्वीसारखें थंड होईनासें होतें. माठ फुटलेला नसतो, त्यास तडाहि गेलेला नसतो. दिसावयास तो जसाच्या तसा असतो. परंतु ज्या गुणासाठीं तो घरांत आणला, तो गुण त्यांतून निघून गेलेला असतो. वस्तूचा गुण कोणता, हा एक प्रश्न आणि तो गुण किती दिवस टिकतो, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर विकत घेतांना मिळतें. दुसऱ्याचें उत्तर काळच देतो.

यंत्रयुगांतील कारखान्यांनाहि अशाच एका मातीच्या वस्तूची गरज भासूं लागली आहे. तिचें नांव सिरॅमिक पडदा. ‘सिरॅमिक’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच मुळीं कुंभाराची माती असा आहे. हा पडदा कापडाचा नव्हे कीं कागदाचा नव्हे. भट्टींत भाजलेल्या कठीण नळीवर चढविलेला तो एक अतिशय पातळ थर असतो. त्याचें काम एवढेंच कीं, अनेक वायूंच्या मिश्रणांतून हायड्रोजनला तेवढें पलीकडे जाऊं द्यावें आणि बाकीच्यांस अलीकडेच अडवावें. हंसाच्या अंगीं नीर आणि क्षीर वेगळें करण्याची शक्ति असते, ही कविकल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. वायूंचें नीरक्षीर निवडणारा असा हंस घडवावा, हा शास्त्रज्ञांचा खटाटोप होय. हंस घडविणें त्यांस साधलें आहे. त्यास दीर्घायुषी करणें मात्र अद्यापि पुरतेपणीं साधलेलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय हा उत्तरार्ध होय.

घरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हा कारखान्याचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें. आमचें बिऱ्हाड नव्या मुंबईंत नेरूळास आहे. खाडीच्या कडेला उभें राहिलें म्हणजे पलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. भाभा अणुसंशोधन केंद्र तेथेंच आहे. अलीकडे ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखान्यांची रांग आहे, आणि पूर्वेस तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. या भागांत रसायनाच्या कारखान्यांत किंवा प्रयोगशाळेंत एखादा मुलगा, सून, जांवई अथवा पुतण्या नाहीं, असें सुशिक्षित कुटुंब शोधावेंच लागेल. त्यांत ४ जानेवारी २०२३ रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली, त्यासाठीं १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरविली, आणि २०३० सालापर्यंत वर्षास ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याचें उद्दिष्ट पुढें ठेविलें. तेव्हांपासून वर्तमानपत्रांत हायड्रोजनचा उल्लेख नाहीं असा आठवडा क्वचितच जातो. पैसा प्रजेचा आहे आणि पुढील आयुष्य आपल्या मुलांचें आहे. म्हणून या विषयांतील खरें-खोटें पारखण्याइतकी माहिती घरांतील वडीलधाऱ्यांस असावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हायड्रोजन येतो कोठून तें पाहूं. पृथ्वीवर तो एकटा सहसा सांपडत नाहीं. पाण्यांत तो प्राणवायूशीं आणि नैसर्गिक वायूंत कर्बाशीं बांधलेला असतो. कारखान्यांत त्याची सोडवणूक करावी लागते. उदाहरण घरजवळचेंच घेऊं. तळोज्यास दीपक फर्टिलायझर्स कंपनी १९८० नंतरच्या दशकापासून अमोनिया करीत आली आहे, आणि तिच्या समूहाचा वर्षास सुमारें ५ लाख टन अमोनिया करूं शकणारा नवा कारखाना २०२३ सालीं तेथेंच सुरू झाला. अमोनियाच्या १७ भार वजनांत ३ भार हायड्रोजन असतो. त्रैराशिक मांडलें तर ५ लाख टन अमोनियास सुमारें ८८ हजार टन हायड्रोजन लागतो, हें शाळेंतील मुलगाहि सांगेल. एवढा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढण्याची रूढ रीति अशी: वायु आणि पाण्याची वाफ ८०० ते ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत निकेलवरून नेतात, त्यांतून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो, मग आणखी वाफ देऊन त्या मोनॉक्साइडचें कार्बन डायऑक्साइडमध्यें रूपांतर करतात आणि तेव्हां आणखी हायड्रोजन मिळतो. या रीतीनें काढलेल्या दर टन हायड्रोजनमागें साधारण ९ ते १० टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. जगाच्या हवेची काळजी वाहणाऱ्यांचें लक्ष या वायूकडे लागलें आहे, तें याच कारणामुळें.

यावरून ध्यानांत येईल कीं, हायड्रोजन काढणें हें अर्धेंच काम. त्यास सोबत्यांपासून वेगळें करणें हें उरलेलें अर्धें. आज त्याच्या अनेक रीति आहेत. एक रीति धुण्याची: कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या द्रावणानें मिश्रण धुवून काढावयाचें. दुसरी दाबाची: झिओलाइटसारख्या सच्छिद्र खड्यांनीं भरलेल्या टाकींत मिश्रण दाबानें भरलें कीं इतर वायु खड्यांस चिकटून राहतात आणि हायड्रोजन निसटतो. तिसरी रीति प्लास्टिकच्या जातीच्या केसासारख्या पोकळ तंतूंची. अमेरिकेंतील मॉन्सँटो कंपनीनें १९८० च्या सुमारास ती बाजारांत आणली. अमोनियाच्या कारखान्यांत बाहेर सोडाव्या लागणाऱ्या वायूंतला हायड्रोजन त्या योगें परत मिळूं लागला, आणि ती रीति आजहि चालू आहे. या सर्व रीति कामाच्या आहेत. परंतु सर्वांस एक अट आहे. भट्टींतून निघालेलें तप्त मिश्रण आधीं निववावें लागतें, कारण प्लास्टिकचा तंतु त्या उष्णतेपुढें टिकत नाहीं आणि खडे तप्त असतां वायूंस धरून ठेवीत नाहींत. निववावयाचें, वेगळें करावयाचें आणि पुन्हां तापवावयाचें, यांत खर्च आणि यंत्रसामग्री दोन्ही वाढतात.

मातीचा पडदा भट्टींतच ठेवतां येतो, हा त्याचा मोठेपणा. आणि त्यांत दुहेरी लाभ आहे. लग्नाच्या पंगतींत जेवून झालेले लोक उठले नाहींत तर दुसरी पंगत बसत नाहीं. भट्टींतहि तयार झालेला हायड्रोजन तेथेंच सांचून राहिला तर पुढील हायड्रोजन तयार होणें थांबतें. पडदा त्यास जसजसा बाहेर नेतो, तसतशी क्रिया पुढें सरकते, आणि तेंच काम कमी उष्णतेंत व एकाच भांड्यांत होऊं शकतें. शिवाय मागें राहिलेला कार्बन डायऑक्साइड दाट स्वरूपांत हातीं लागतो, म्हणून त्यास पकडून ठेवणेंहि सोपें जातें.

आतां मातीला ही निवड करतां येते कशी? जुन्या शिक्षकांस आणि विद्यार्थ्यांस एक प्रयोग आठवत असेल. आम्हीं तो वर्गांत कितीदां तरी करून दाखविला आहे. झिलई न दिलेलें मातीचें भांडें पालथें घालून त्याच्या तोंडास बूच व कांचेची नळी बसवावयाची आणि नळीचें टोंक पाण्यांत बुडवावयाचें. भांड्यावर हायड्रोजननें भरलेलें मोठें पात्र झांकलें कीं नळीच्या टोंकांतून भराभर बुडबुडे निघूं लागतात. हायड्रोजन भांड्यांत शिरतो तो आंतील हवा बाहेर पडण्यापेक्षां कितीतरी अधिक वेगानें, म्हणून आंत दाब वाढतो. टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८३३ सालीं याचा नियम प्रसिद्ध केला: वायु जितका हलका तितका तो त्वरेनें जातो, आणि हा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. हायड्रोजन प्राणवायूच्या सोळाव्या हिश्श्याइतका हलका आहे. म्हणून त्याचा वेग चौपट. कार्बन डायऑक्साइडशीं ताडून पाहिलें तर वेग पांचपटीच्याहि आंतच राहतो. वर्गांत टाळ्या मिळविण्यास एवढा फरक पुरे. कारखान्यास मात्र तो पुरत नाहीं. धांवण्याच्या शर्यतींत पहिला येणें वेगळें आणि इतरांस दारांतच अडविणें वेगळें.

दारांत अडवावयाचें तर दार अरुंद हवें. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या मापानें हायड्रोजनचा कण ०.२८९, कार्बन डायऑक्साइडचा ०.३३, नत्रवायूचा ०.३६४ आणि नैसर्गिक वायूंतील मिथेनचा ०.३८ धरतात. म्हणजे ०.३ नॅनोमीटरच्या आसपास छिद्र असलेली चाळणी मिळाली तर काम झालें. अशी चाळणी वाळूच्याच द्रव्यापासून, म्हणजे सिलिकापासून, करतां येते. अॅल्युमिनाच्या जाड सच्छिद्र नळीवर त्याहून बारीक छिद्रांचा एक थर, आणि त्यावर सिलिकाचा पातळ लेप, अशी ही उतरंड असते. १९९८ सालीं हॉलंडमधील ट्वेंटे विद्यापीठांत डे वोस व फर्वेय यांनीं अवघ्या ३० नॅनोमीटर जाडीचा निर्दोष लेप करून दाखविला, तेव्हां या विषयांत मोठी आशा उत्पन्न झाली.

दुसरी जात याहून नवलाची आहे. तींत छिद्रच नसतें. १९८१ सालीं जपानांतील प्राध्यापक इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, स्ट्रॉन्शियम व सीरियम या धातूंच्या एका भाजलेल्या संयुगांतून, तें तप्त असतां, हायड्रोजनचा विद्युद्भारित गाभा, म्हणजे प्रोटॉन, प्रवास करतो. पुढें बेरियम व सीरियमचें संयुग त्याहून सरस ठरलें. या द्रव्यांत थोडासा यिट्रियम मिसळला कीं प्राणवायूच्या कांहीं जागा रिकाम्या राहतात. पाण्याची वाफ त्या जागीं शिरते व आपला हायड्रोजन तेथें ठेवते. मग आग विझवितांना रांगेंतील माणसें घागरी हातोहात पुढें देतात तसा प्राणवायूचा एक अणु प्रोटॉनला दुसऱ्याच्या हातीं देत जातो. इतर वायूंस या रांगेंत स्थानच नाहीं. म्हणून असा पडदा निर्दोष असेल तर पलीकडे येणारा हायड्रोजन जवळजवळ शुद्ध असतो. प्रोटॉनबरोबर विजेचीहि ने-आण व्हावी लागते. त्यासाठीं पडद्यांत निकेलसारखी धातु मिसळतात, किंवा बाहेरून वीज देतात.

येथवरची कथा यशाची झाली. आतां आयुष्याची.

सिलिकाच्या चाळणीचा शत्रु पाण्याची वाफ. भट्टींत ती नेहमींच हजर असते, कारण तिच्यावांचून हायड्रोजनच निघत नाहीं. तप्त वाफ सिलिकाचे बंध ठिकठिकाणीं सोडविते. सुटलेले बंध पुन्हां जुळतात, पण पूर्वीच्या जागीं नव्हे. त्यामुळें बारीक छिद्रें मिटतात आणि कांहीं ठिकाणीं मोठीं भोंकें पडतात. एकीकडे हायड्रोजनची वाट बंद होते आणि दुसरीकडे नको असलेल्यांस दार मोकळें होतें. पडदा फुटत नाहीं, नळी जागची हलत नाहीं. आरंभीं सांगितलेल्या माठाची गत होते. कोबाल्ट, निकेल किंवा झिर्कोनिया मिसळून हे बंध बळकट करण्याचे प्रयत्न झाले असून त्यांस बरेंच यशहि आलें आहे. तथापि वाफेशीं असलेलें वैर मुळापासून मिटलेलें नाहीं.

बेरियम-सीरियमच्या पडद्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. चुन्याच्या निवळींत फुंकर घातली कीं ती दुधासारखी पांढरी होते, हें आपण पाहतों. चुना हा अल्कधर्मी, म्हणून तो श्वासांतील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो व त्याची खडू होते. बेरियम हा चुन्याच्या धातूचाच भाऊबंद आणि त्याहून अधिक अल्कधर्मी. याच स्वभावामुळें तो पाण्याची वाफ आवडीनें घेतो आणि प्रोटॉन मिळवितो. आणि याच स्वभावामुळें कार्बन डायऑक्साइड दिसला कीं त्यासहि मिठी मारतो. मग बेरियमचा कार्बोनेट वेगळा होतो, सीरियमचा ऑक्साइड वेगळा होतो, आणि पडद्याचा भुगा होऊं लागतो. ज्या मिश्रणांतून हायड्रोजन काढावयाचा त्यांतच कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, हें येथें विसरूं नये. गुण आणि दोष येथें दोन नाहींत. एकाच स्वभावाचीं तीं दोन नांवें आहेत. दोष काढूं गेलें तर गुणहि कमी होतो.

सीरियमच्या जागीं झिर्कोनियम घातलें तर पडदा कार्बन डायऑक्साइडला दाद देत नाहीं. परंतु हा नवा गडी फार हट्टी. त्याची भुकटी एकजीव होण्यास १६०० अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि भाजल्यानंतरहि त्याच्या कणाकणांच्या सीमेवर प्रोटॉन अडखळतो. म्हणून आजचे बहुतेक शास्त्रज्ञ दोहोंचें मिश्रण करतात: थोडा सीरियम चालीसाठीं, बराचसा झिर्कोनियम टिकण्यासाठीं. ही तडजोड आहे. आणि तिचें प्रमाण किती असावें याचें उत्तर पडदा कोणत्या वायूंत, किती उष्णतेंत राहणार यावर अवलंबून आहे. सर्व ठिकाणीं चालेल असा एकच पडदा नाहीं.

पॅलेडियम ही मौल्यवान धातु हायड्रोजन शोषून घेते, हें ग्रॅहमनेंच १८६६ सालीं दाखविलें. तिचा मुलामा मातीच्या नळीवर देऊन उत्तम पडदे होतात. पण ही धातु हायड्रोजनमध्यें ३०० अंशांखालीं निवाली कीं फुगते व ठिसूळ होते. तिला चांदी मिसळून सांभाळावें लागतें, आणि गंधकाचा अंश तिला बाधतो. याखेरीज सर्व जातींस समान असें एक संकट आहे. भट्टी कायम पेटलेली राहत नाहीं; दुरुस्तीसाठीं ती विझवावी लागते. तापतांना लोखंडी जोड अधिक फुगतो, मातीची नळी कमी फुगते. निवतांना दोन्ही निरनिराळ्या प्रमाणांत आक्रसतात. पडदा शाबूत, पण जोडाशीं बारीक फट, असें झालें तरी सारी निवड व्यर्थ. आणि हायड्रोजन हवेंत मिसळला तर स्फोटक होतो. म्हणून टिकाऊपणाचा प्रश्न केवळ खर्चाचा नाहीं. भट्टीपाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचाहि आहे.

आतां खाडीपलीकडे जाऊं. ट्रॉम्बेच्या अणुशक्ति केंद्राचें उद्घाटन जानेवारी १९५७ मध्यें झालें, आणि डॉक्टर होमी भाभा यांच्या निधनानंतर १९६७ सालीं त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. नैसर्गिक वायूस हात न लावतां, उष्णतेच्या बळावर पाण्यापासूनच हायड्रोजन काढण्याच्या एका रीतीवर तेथें पुष्कळ काम झालें आहे. आयोडीन आणि गंधक यांच्या तीन क्रियांचें हें चक्र आहे. पहिलींत आयोडीन, गंधकाचा डायऑक्साइड आणि पाणी मिळून दोन आम्लें होतात. दुसरींत गंधकाचें आम्ल सुमारें ८५० अंशांत फोडून प्राणवायु मिळवितात. तिसरींत आयोडीनचें आम्ल सुमारें ४५० अंशांत फोडून हायड्रोजन मिळवितात. आयोडीन आणि गंधक पुन्हां पहिल्या क्रियेस परत जातात. खर्ची पडतें तें फक्त पाणी. केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं हें संपूर्ण चक्र कांच आणि क्वार्ट्झच्या उपकरणांत चालवून दाखविलें आहे.

त्यांतील अडचणीची जागा तिसरी क्रिया. वर सांगितलेल्या पंगतीप्रमाणें, त्या उष्णतेंत आयोडीनच्या आम्लाचा जेमतेम २२ टक्के भाग फुटतो आणि क्रिया थांबते. हायड्रोजनला तेथल्या तेथें बाहेर काढणारा पडदा असेल तरच ती पुढें जाईल. पण कसला पडदा? आयोडीनच्या आम्लाची तप्त वाफ बहुतेक धातूंस खाऊन टाकते. येथें मातीच्या जातीचें द्रव्यच उपयोगी. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनीं कलकत्त्याच्या केंद्रीय कांच व सिरॅमिक संशोधनसंस्थेच्या सहकार्यानें झिओलाइटचा थर दिलेल्या मातीच्या नळ्या या कामीं लावून पाहिल्या, आणि आम्लाचा अधिक भाग फुटतो असें त्यांस आढळलें. झिओलाइट हें नांव आपणांस परकें वाटेल. पण त्या कुळांतील सुंदर स्फटिक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांतील पोकळ्यांत जगप्रसिद्ध आहेत, आणि पुण्याकडील व नाशिककडील खाणींतले नमुने परदेशांतील संग्रहालयांनीं जपून ठेविले आहेत. झिओलाइटचीं छिद्रें स्फटिकाच्या रचनेंतूनच घडलेलीं असल्यामुळें तीं लेप दिलेल्या सिलिकाच्या छिद्रांसारखीं सहज ढळत नाहींत, हें त्यांचें बळ. प्रयोगशाळेंतल्या त्या नळीपासून कारखान्यापर्यंतचा पल्ला मात्र अजून लांब आहे.

तो किती लांब, हें परदेशांतील एका उत्तम कामावरून समजेल. नॉर्वेंतील कोअर्सटेक कंपनीच्या संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह प्रोटॉन वाहून नेणाऱ्या ३६ घटकांची एक मांडणी रचून अमोनिया, मिथेन आणि जैववायु या तिन्हींपासून शुद्ध हायड्रोजन काढला, आणि तें वृत्त २०२२ सालीं ‘सायन्स’ या मासिकापेक्षांहि लवकर निघणाऱ्या प्रख्यात साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. घटकांचे जोड पडद्याशीं जुळत्या प्रमाणांत फुगावेत, यासाठीं त्यांनीं कांच-सिरॅमिक आणि निकेल यांचा खास जोड तयार केला, हें त्यांतील मर्म. त्या मांडणीचें उत्पन्न दिवसास ०.३४ किलो हायड्रोजन. तळोज्याच्या नव्या कारखान्यास पूर्ण क्षमतेनें चालण्यास दिवसास सुमारें २४१ टन लागतील. म्हणजे सुमारें सात लाख पट. हें आम्ही त्या संशोधकांस कमी लेखण्यासाठीं सांगत नाहीं. बीजाची उंची वृक्षाशीं मोजूं नये हें खरें. परंतु बीज दाखवून कोणी सावलीचे पैसे मागूं लागला तर तेंहि मान्य करूं नये.

असा प्रसंग खरोखरच येतो. आमच्या शेजारचे एक स्नेही, ज्यांस सारी सोसायटी नाना म्हणते, गेल्या वर्षीं एक छापील पत्रक घेऊन आले. हायड्रोजनचा ‘क्रांतिकारक’ पडदा तयार करणाऱ्या कोणा नव्या मंडळीचें तें होतें. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेपैकीं निम्मी त्यांत घालावी असें त्यांच्या मनांत होतें. “मास्तर, तुम्ही विज्ञान शिकविलेंत. हें खरें आहे का, तेवढें सांगा,” ते म्हणाले. आम्हीं म्हटलें, “नाना, खरें कीं खोटें हें आम्हांस येथें बसून सांगतां यावयाचें नाहीं. पण त्यांस तीन प्रश्न विचारा. पडदा किती उष्णतेंत चालविला? कोणत्या वायूंत चालविला, निव्वळ हायड्रोजनमध्यें कीं वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक असलेल्या खऱ्या मिश्रणांत? आणि न थांबतां किती तास चालविला, त्यांत भट्टी किती वेळां विझवून पुन्हां पेटविली?” नानांनीं पत्र लिहिलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सविस्तर आलें. उरलेल्या दोहोंविषयीं पुन्हां तेंच रंगीत पत्रक आलें. नानांची रक्कम अद्यापि बँकेंतच आहे.

तिसऱ्या प्रश्नाचें मोल समजण्यास थोडें गणित पुरे. वर्षाचे तास ८,७६०. ‘हजार तास टिकला’ असें छापून आलें कीं तें फार वाटतें. पण हजार तास म्हणजे पुरते बेचाळीस दिवसहि नव्हेत. कारखान्यांतील यंत्राकडून वर्षानुवर्षें काम घ्यावयाचें असतें. म्हणून पडदा पहिल्या दिवशीं किती हायड्रोजन देतो या आंकड्यापेक्षां शेवटच्या दिवशीं किती देत होता हा आंकडा अधिक बोलका समजावा. आणि जेथें पहिलाच आंकडा ठळक छापला असेल, तेथें दुसरा मागून घ्यावा.

आमच्या घरांतील मुलामुलींसहि यांत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नवें द्रव्य शोधणाऱ्याचें नांव होतें. तेंच द्रव्य वाफेंत, आम्लांत आणि गंधकांत महिनेच्या महिने ठेवून, दर दिवशीं त्याची नोंद करणाऱ्याचें नांव सहसा कोणास ठाऊक नसतें. हें काम कंटाळवाणें आहे. पुष्कळदां त्याचा निष्कर्ष ‘हें चालणार नाहीं’ एवढाच निघतो. पण तो निष्कर्ष प्रयोगशाळेंत निघाला तर एक नळी वांया जाते. कारखान्यांत निघाला तर कोटी रुपये, आणि कधीं माणसेंहि, जातात. ज्यांस निगुतीनें नोंदी ठेवण्याची, न कंटाळतां वाट पाहण्याची आणि नावडता निष्कर्षहि जसाच्या तसा लिहिण्याची संवय आहे, अशा तरुणांची या क्षेत्रास गरज आहे. मुलाला किंवा मुलीला या शाखेंत घालावें कीं नाहीं, असें आईबापांनीं आम्हांस विचारलें, तर तिचे वा त्याचे गुण किती पडले हें आम्ही मागाहून पाहूं. हातीं घेतलेली वही शेवटच्या पानापर्यंत सारख्याच अक्षरांत लिहिली आहे कीं नाहीं, हें आधीं पाहूं.